क्यूसू उकळायची नसते, रिकामी करायची असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ताईंनी जपानमधल्या तोकोनामेहून हातानं घडवलेली, लाल मातीची, बाजूला मूठ असलेली किटली आणली, सोबत सेंचा हा हिरवा चहा. तीन आठवडे तुम्ही करून बघताय. चहा कडू होतो, दुसरा कप तर घशाखाली उतरत नाही, आणि तोटी मध्येच तुंबते. म्हणून तुम्ही विचारताय की किटलीतच खोट आहे का, ती गॅसवर ठेवली तर चालेल का, साबण लावावा का, आणि एवढ्याशा भांड्याला 18,000 येन का पडले. शिवाय आई डावखुऱ्या, त्यांना ती धरताच येत नाही.

मी बावीस वर्षं मातीकाम करतो. त्यातलं दीड वर्ष तोकोनामेतल्या एका कार्यशाळेत शिकण्यात गेलं आणि पहिले चार महिने मी फक्त झाकणं केली. त्या अनुभवावर सांगतो, तुमची किटली उत्तम आहे. अडचण आपल्या हाताच्या सवयीत आहे. आपण चहा उकळणारी माणसं. आधण, साखर, पत्ती, दूध, मग उतू जाईपर्यंत वाट बघायची. या भांड्याला जपानीत क्यूसू म्हणतात आणि त्याची मूठ, तोटी, गाळणी, झाकण, सगळं एकाच कामासाठी घडवलेलं असतं: ठरल्या क्षणी पत्तीपासून पाणी पूर्णपणे वेगळं करायचं. क्यूसू रिकामी झाली की चहा झाला. तुम्ही लिहिलंय की एक कप ओतून उरलेला चहा ‘मुरायला’ आत ठेवता. तुमचा कडवटपणा तिथून येतो.

पण त्याआधी एक काम करा. फोटोत तोटीच्या टोकावर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी दिसतेय, ती काढून टाका. बरेच लोक ती किटलीचाच भाग समजून वर्षानुवर्षं तशीच ठेवतात. प्रवासात टोक टवकू नये एवढ्यासाठीच ती घातलेली असते. ती राहिली की तिच्या आत ओल धरते, चहाचा साका बसतो आणि आपल्या पावसाळ्यात तर बुरशीच. शिवाय तोटीची कड अशी कापलेली असते की ओतणं थांबवताच धार तुटावी, थेंब खाली ओघळू नये. तिथले कुंभार याला ‘मिझुकिरे’ म्हणतात, म्हणजे पाण्याचं तुटणं. नळी लावून ठेवली तर ही करामत तुम्हाला कधी दिसणारच नाही.

गॅसवर अजिबात ठेवू नका. मंद आचेवरही नाही आणि जाळी ठेवूनही नाही. ही माती साधारण 1,100 अंशांच्या वर भाजलेली असते, हे खरं. म्हणून लोकांना वाटतं की गॅसची आच तिला काय करणार. पण भट्टीत उष्णता हळूहळू आणि चहूबाजूंनी चढते. बर्नरवर बूड तापतं, खांदा गार राहतो आणि पातळ, घट्ट भाजलेली भिंत त्या ताणानं तडकते. पाणी दुसऱ्या भांड्यात उकळा. जपानी लोखंडी किटली, तेत्सुबिन, ही पाणी उकळण्यासाठीच असते. दोन्ही ‘जपानी किटली’ म्हणून विकल्या जातात, त्यामुळे हा घोटाळा होतो.

आता कडवटपणाकडे येऊ. सेंचाची पानं तोडल्याबरोबर वाफवतात, मग वळून वाळवतात. क्योतोजवळच्या उजी या चहाच्या भागातल्या नागातानी सोएन यांनी 1738 मध्ये ही रीत बसवली असं मानतात आणि क्यूसूचं घराघरांतलं आयुष्य या चहाच्या प्रसाराबरोबरच वाढलं. वाफवल्यामुळे पान हिरवं राहतं. त्यात थिअनीन नावाचं गोडसर, रुचकर द्रव्यही असतं. हे थिअनीन कोमट पाण्यातही सहज उतरतं. तुरट कडू चव देणारी कॅटेचिनं आणि कॅफिन मात्र पाणी जितकं गरम आणि वेळ जितका जास्त, तितकी जास्त उतरतात. म्हणजे उकळतं पाणी घातलंत की गोडव्यावर कडूपणा चढून बसणार. त्यात उरलेला चहा आत ठेवलात, तर कडूपणा उतरतच राहणार. दुसरा कप घशाखाली जात नाही, त्याचं कारण हे.

करायचं असं. दोघांसाठी साधारण 5 ग्रॅम पत्ती, म्हणजे पोह्याचा एक चमचा शीग लावून. पाणी दोन लहान कपांचं, 160 ते 180 मिली. किटली भरायची नाही, कपांच्या मापानंच पाणी घ्यायचं, कारण ते सगळं बाहेर यायला हवं. पाणी 70 ते 80 अंश. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पुण्यात पाणी साधारण 98 अंशांनाच उकळतं, आणि एका गार भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओतलं की दर खेपेला सुमारे दहा अंश उतरतात. म्हणून उकळलेलं पाणी आधी कपांत ओता, त्यानं कप गरम होतात आणि मापही कळतं. मग तेच एका वाडग्यात, मग किटलीत. जपानी घरांत या वाडग्यासाठी युझामाशी नावाचं चोचवालं भांडं असतं. आपला स्टीलचा गडू तेच काम करतो. झाकण ठेवा, एक मिनिट थांबा. ढवळू नका, किटली हलवू नका.

मग ओता, आणि इथे घाई नको. एक कप भरून दुसऱ्याकडे वळायचं नाही. पहिल्यात थोडा, दुसऱ्यात थोडा, मग उलट्या क्रमानं दुसऱ्यात, पहिल्यात. सुरुवातीचा चहा पातळ आणि शेवटचा दाट असतो, असं फिरवून ओतलं की दोघांना सारखा मिळतो. धार संपली तरी किटली तशीच तोटी खाली करून धरा आणि मनगटाला दोन-तीन हलके झटके द्या. शेवटचे ते जाडसर थेंब सगळ्यात चवदार असतात, आणि ते आत राहिले तर पुढच्या खेपेला कडू होतात. तोकोनामेत मला शिकवणारे ज्येष्ठ कुंभार पाहुण्यांसमोर नि:संकोच किटली पूर्ण उलटी धरून उभे राहायचे, दहा-पंधरा सेकंद, कोणाशी न बोलता.

रिकामी झाली की झाकण थोडं सरकवून ठेवा. बंद ठेवलं तर आतल्या वाफेत पत्ती शिजते. गाळणीला चिकटलेली पत्ती सोडवायला तोटीच्या विरुद्ध बाजूनं तळहातानं अलगद थोपटा. दुसऱ्या खेपेला पाणी किंचित जास्त गरम आणि वेळ फक्त दहा-पंधरा सेकंद, कारण पानं आधीच उलगडलेली असतात. तिसरी खेपही छान होते. ग्योकुरो नावाचा सावलीतला महाग चहा कधी हाती आला तर पाणी 50 ते 60 अंश आणि दोन मिनिटं. भाजलेला होजिचा मात्र थेट उकळत्या पाण्यानं, अर्धा मिनिट. पहिल्या आठवड्यात होजिचा करून पाहा, तो चुका पोटात घालतो.

तोटी का तुंबते? तुमच्या फोटोत आतली गाळणी मातीचीच दिसतेय: तोटीच्या मुळाशी बसवलेली, वाटीसारखी फुगीर, बारीक भोकांची. तिला सासामे म्हणतात. कुंभार ती वेगळी करतो, ओलसर असताना एकेक भोक टोचतो, शेकडो भोकं, आणि मग अंगाला जोडतो. साध्या सेंचासाठी ती अप्रतिम आहे. पण ताईंनी आणलेल्या चहाच्या पाकिटावर ‘फुकामुशी’ लिहिलेलं असेल तर तो जास्त वेळ वाफवलेला चहा, त्याची पानं मोडून चुरा होतो आणि तो चुरा भोकांत बसतो. त्यावर उपाय दोन. ओतताना सुरुवातीलाच किटली एकदम तिरकी करू नका, सावकाश कलवा म्हणजे मोठी पानं आधी गाळणीवर पसरतात आणि चुरा अडवतात. आणि भोकं रोज वापरानंतर उलट्या बाजूनं, तोटीतून पाणी सोडून, धुवा. सुई किंवा तारेनं कोरू नका, भोकाची कड तुटली की ते भोक कायमचं मोठं होतं. आपल्याकडची सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा पावडर तर यात घालूच नका, ती पातेल्याचीच.

किमतीबद्दल तुमच्या लिहिण्यात थोडी खंत दिसली, म्हणून इथे जरा थांबतो.

क्यूसूचं अंग, झाकण, तोटी आणि मूठ चाकावर वेगवेगळी ओढली जातात. सगळी एकाच दिवशी, एकाच ओलीची ठेवावी लागतात, नाहीतर जोडताना एक भाग आकसतो आणि सांधा फाटतो. माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा टक्क्यांच्या पुढे आकसते. चाकावर ओढलेली तोटी भट्टीत किंचित पिळाही घेते, कारण ओढताना बोटांनी दिलेला पीळ माती विसरत नाही. म्हणून जाणता कुंभार तिचं तोंड आधीच जरासं वाकडं कापतो, ते भट्टीतून सरळ होऊन येतं. हे किती वाकडं कापायचं, हे वहीत लिहून ठेवता येत नाही, दर मातीला आणि दर हाताला ते वेगळं असतं. मला ते दीड वर्षात पूर्ण जमलं नाही, परत आल्यावर सहा-सात वर्षांनी जमलं.

झाकण अंगावर ठेवूनच भाजतात. नंतर बारीक घर्षण-भुकटी आणि पाणी लावून ते जागच्या जागी फिरवत घासतात, दोन्ही कडा एकमेकींना पूर्ण भिडेपर्यंत. तुमचं झाकण किती चांगलं बसलंय ते पाहायचंय? किटलीत पाऊण पाणी भरा, झाकणावरच्या छोट्या भोकावर बोट दाबा आणि ओता. धार तुटून थांबली पाहिजे. बोट काढलं की पुन्हा सुरू. ओतताना ते भोक तोटीच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे हवा नीट आत येते आणि धार गुटगुट करत नाही. आणि हे झाकण जगात फक्त याच किटलीचं आहे. फुटलं तर दुसरं बसणार नाही, म्हणून धुताना एका हातात किटली, एका हातात झाकण असं करू नका. झाकण आधी धुवून टॉवेलवर ठेवा.

साच्यात ओतून केलेल्या क्यूसूही मिळतात, पुष्कळ स्वस्त, आणि रोजच्या चहाला त्या वाईट नसतात. पण हातानं केलेली ओळखता येते. आत बोट फिरवलं की चाकाच्या मंद लाटा लागतात आणि बुडाशी किंवा मुठीपाशी कुंभाराचा छोटा शिक्का असतो.

लाल रंग हा रंग नाही, मातीच आहे. शुदेई म्हणतात तिला, लोहानं भरलेली, अतिशय बारीक. पूर्वी शेताच्या खालची माती पाण्यात कालवून, निवळून, वरची साय तेवढी घेत. आज बहुतेक ठिकाणी मिश्र मातीत लोहाची तांबडी भुकटी घालतात. भट्टीत हवा मोकळी खेळली की लोह लाल होतं. हवा कोंडली की तीच माती काळपट होते. तोकोनामेत लाल किटली भाताच्या तुसात पुरून पुन्हा भाजतात आणि काळी करतात. शेजारच्या मिए प्रांतात, योक्काइचीला, बान्को नावाची जांभळट तपकिरी क्यूसू होते, तीही हवा कोंडून भाजलेलीच.

तोकोनामे हे आइची प्रांतातलं, चिता द्वीपकल्पावरचं गाव, जपानच्या ‘सहा प्राचीन भट्ट्या’ म्हणजे मातीकामाच्या जुन्या केंद्रांपैकी एक. पण चहाच्या लाल किटल्या तिथे फार जुन्या नाहीत. तिथले कुंभार सुगिए जुमोन यांनी 1854 च्या सुमारास शुदेई साधली. या लाल किटल्या चीनमधल्या यीशिंगच्या मातीच्या किटल्यांच्या ओढीनं झाल्या, कारण तेव्हाच्या जपानी चहारसिकांना त्याच हव्या असत. मग 1878 मध्ये तोकोनामेतल्याच कोइए होजु यांनी जिन शिहेंग या चिनी जाणकाराला गावात बोलावलं. त्यानं मातीची पट्टी थोपटून, वळवून किटली उभी करायची रीत शिकवली. ती ऐकली तेव्हा मला आपल्याकडचे माठ घडवणारे कुंभार आठवले, आतून दगडी गुंडा धरून बाहेरून थापी मारणारे. पुढे तोकोनामेकरांनी ती रीत आणि आपलं चाक यांची सांगड घातली. 1998 मध्ये तिसरे यामादा जोझान यांना क्यूसूसाठीच जपान सरकारनं ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. फक्त चहाची किटली करणाऱ्या माणसाला हा मान मिळतो, हे मला त्या देशाबद्दल फार मोठं वाटतं.

ताई पुन्हा जाणार असतील तर त्यांना सांगा, नागोयाचा विमानतळ तोकोनामेच्याच किनाऱ्यासमोर समुद्रात आहे. तिथून गावात जायला काही मिनिटं लागतात. मातीच्या नळांनी बांधलेल्या भिंतींमधून एक चढ आहे, आणि दहा धुराड्यांची चढती भट्टी आहे, 1887 ची, 1974 पर्यंत पेटत होती. आत उभं राहिलं की भिंतींवर राखेची काच झालेली दिसते. मी दर रविवारी तिथे जायचो.

या मातीनं चहा मवाळ होतो का? तिथले सगळे मानतात की लोहामुळे तुरटपणा बोथट होतो. काचेच्या भांड्यातला आणि शुदेईतला चहा शेजारी ठेवून प्यालो तर माझ्या जिभेला फरक लागतो. पण पाणी दहा अंशांनी चुकलं तर होणाऱ्या फरकापुढे तो फार बारीक आहे. आधी पाणी साधा, माती मग आपोआप बोलू लागेल.

साबण नको. आतून काचेसारखा लेप (ग्लेझ) नसलेली माती आहे, साबणाचा वास अडकतो. गरम पाण्यानं विसळा, झाकण बाजूला ठेवून उपडी न घालता उभीच वाळवा, आणि पूर्ण सुकल्यावरच कपाटात. बाहेरून मऊ फडक्यानं रोज पुसत राहिलात तर दोन-तीन वर्षांत अंगाला एक शांत झळाळी येते. दूध, साखर, आलं, वेलची यात घालू नका. दुधातली चरबी गाळणीच्या मागे, जिथे बोट पोचत नाही तिथे बसते आणि दोन दिवसांत आंबते. माझ्या पहिल्या क्यूसूचं मीच नुकसान केलं होतं. रत्नागिरीला घरी नेली, जून महिन्यात झाकण लावून फडताळात ठेवली आणि गणपतीला काढली तर आत पांढरी बुरशी. ती वाचली. पातेल्यात गार पाण्यात ठेवून, चमचाभर खाण्याचा सोडा टाकून, अगदी मंद आचेवर पाणी हळूहळू गरम केलं, पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, त्याच पाण्यात गार होऊ दिली आणि चार दिवस सावलीत वाळवली. पाणी गारच घेऊन सुरुवात करायची, हे विसरू नका.

सेंचा संपल्यावर काय, असंही विचारलंत. दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा पानाचा चहा यात सुंदर होतो, 85 ते 90 अंश आणि दोन मिनिटं. कांगड्याचा हिरवा चहाही. आणि हे नातं परकं नाही. तादा मोतोकिची नावाचे जपानी अधिकारी 1876 मध्ये दार्जिलिंग आणि आसामला चहा शिकायला आले होते, परतताना बियाणं घेऊन गेले. जपानमधल्या काही काळ्या चहाच्या जातींच्या मुळाशी ते बियाणं आहे. फक्त एक किटली एका प्रकारच्या चहाला वाहिलेली ठेवलीत तर चांगलं. सुगंधी चहा तर त्यात नकोच.

आता आईंचं. बाजूच्या मुठीची क्यूसू, योकोदे म्हणतात ती, उजव्या हातासाठी घडवलेली असते. मूठ हातात धरली की तोटी डावीकडे, दोघींमध्ये काटकोनापेक्षा किंचित कमी कोन. बोटं मुठीभोवती, अंगठा झाकणावर, आणि कोपर न उचलता नुसतं मनगट फिरवून ओतायचं. जमिनीवर बसून ओतणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे. डाव्या हातात हीच किटली धरली तर तोटी बाहेरच्या बाजूला जाते, मनगट उलटं वळतं आणि अंगठा झाकणावरून सुटतो. गरम चहा असताना हे धोक्याचं आहे, त्यांना सराव करायला सांगू नका. डावखुऱ्यांसाठी आरशातल्यासारखी उलटी क्यूसू मिळते. दुकानात ‘हिदारिकिकी’ म्हणून विचारायचं, किंवा कुंभाराला आधी सांगून करून घ्यायची. तोवर त्यांच्यासाठी मागे कान असलेली, उशिरोदे प्रकारची एखादी साधी किटली घ्या, ती दोन्ही हातांना सारखी. मागवताना त्यांच्या तळहाताची रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजून कळवा. मूठ किती लांब ठेवायची ते कुंभार त्यावरून ठरवतो.